जावईबापूंची उजवी बाजू

माणूस उभा करायचा, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि म्हणायचं, "श्वास रोखा. हलू नका." मग बटण. मग, "सोडा." एवढ्या भांडवलावर काकांनी इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या एक्स-रे विभागात सगळी नोकरी काढत आणली होती. त्यांच्या खोलीत भलेभले स्थिर होत. तोंडाळ माणसं गप्प बसत, रडकी पोरं हुंदका अर्ध्यावर थांबवत, आणि एकदा काका "सोडा" म्हणायला विसरले तेव्हा एक पोलीस अधिकारी निळा पडेपर्यंत तसाच उभा राहिला होता. काकांचा एक्स-रे हलत नसे. "पुन्हा काढावा लागेल" हे वाक्य त्यांच्या कामाबद्दल आजवर कोणी उच्चारलं नव्हतं; निदान त्यांच्या कानांवर जाईल असं नव्हतं.

त्यामुळे मत्स्यालयाने माशाचे फोटो मागितले, तेव्हा काका नुसते हसले.

"एका माशाचा फोटो," ते काकूंना म्हणाले. "त्याला ना दुखणं, ना खुपणं, ना सोबत आलेले नातेवाईक. चहा टाक. चहा होईपर्यंत काढून होतो."

तो चहा काकूंनी नंतर ओतून दिला.

मासा म्हणजे जावईबापू. दिवाणखान्यात, सोफ्यासमोरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या काचेच्या टाकीत ते राहत. जात मगरमाशाची: अंगावर चिलखतासारखे खवले, आणि जबडा मगरीचा काढून लावावा तसा. लेकीने शिकायला परगावी जाण्याआधी आणला तेव्हा तो बोटाएवढा होता, आणि दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "जागेपुरताच वाढतो, काका." जावईबापू जागेपुरते वाढले, आणि जागा संपल्यावरही वाढत राहिले. टाकीतले शोभेचे मासे त्यांनी एकेक करून संपवले. प्लॅस्टिकच्या पाणबुड्याचा एक पाय नेला. आता ते काकूंच्या अख्ख्या हाताएवढे लांब झाले होते. घरातली सगळ्यात चांगली जागा अडवून बसायचं, खाण्याचे नखरे करायचे आणि बऱ्यावाइटाचा एक शब्द बोलायचा नाही, यावरून काकूंनी त्यांना हे नाव दिलं होतं. खऱ्या जावयाचा अजून पत्ता नव्हता. "सराव चाललाय," असं त्या म्हणत.

पण असं किती दिवस चालणार? मत्स्यालयाच्या मोठ्या तलावात अशा माशांसाठी एकच जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर आणखी एका घराचा डोळा होता. ज्याचे फोटो आधी पसंत पडतील, त्याचा मासा आत. शनिवारपर्यंत मुदत. जागा गेली तर पुढची कधी निघेल हे मत्स्यालयालाही माहीत नव्हतं.

"तळ्यात सोडून द्या," शेजारचे वकील म्हणाले. ते मोफत सल्ला देत आणि त्याची किंमत लोक त्याप्रमाणेच करत. "एवढं मोठं तळं आहे गावाबाहेर."

"आणि तळ्यातल्या बाकीच्या माशांनी कुठे जायचं?" काकूंनी विचारलं. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांचे प्रश्न लहान असत आणि उत्तराला जागा ठेवत नसत.

नियम साधे होते. मासा तोंडापासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसावा. शेजारी मोजपट्टी असावी. डावी बाजू आणि उजवी बाजू, दोन्ही हव्यात, म्हणजे कुठे जखम किंवा बुरशी नाही याची खात्री पटेल. फोटोत इतर कोणी असू नये.

या शेवटच्या कलमावर काका पहिल्याच दिवशी आपटले. त्यांनी मोबाइल धरला, "श्वास रोखा" असं सवयीने म्हटलं, स्वतःच श्वास रोखला आणि बटण दाबलं. मत्स्यालयातल्या बाईंचं उत्तर तासाभरात आलं. बाई कोण, कशा, माहीत नव्हतं. पण त्यांना शब्द वाया घालवायची सवय नसावी.

"फोटोत मासा अंधुक आहे. बनियनमधले गृहस्थ मात्र स्पष्ट आहेत."

काकांनी फोटो मोठा करून पाहिला. काचेत ते स्वतः होते, पोट आत ओढलेले. त्यांच्या मागे दोरीवर वाळणारे टॉवेल होते. टॉवेलांच्या मागे काकू होत्या आणि त्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. या सगळ्यांच्या पोटातून आरपार जावईबापू गेले होते.

"पुन्हा काढावा लागेल," काकू म्हणाल्या.

काकांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्या दिवशी ते इस्पितळात तीन वेगवेगळ्या रुग्णांवर खेकसले. त्यातला एक तर नुसता पत्ता विचारायला आला होता.

प्रतिबिंबावर तोड वकिलांनी काढली. "काळं कापड. समोर सगळं काळं हवं, म्हणजे काचेत काही उमटत नाही," असं म्हणून ते घरी गेले आणि आपला कोर्टाचा काळा डगला घेऊन आले. डगला काकांना गुडघ्याखालपर्यंत आला. मोबाइल हातात नको, हात हलतो, म्हणून काकांनी इस्पितळाच्या अडगळीतला मोडका सलाईनचा स्टँड मागून आणला आणि त्याला बँडेजने मोबाइल बांधला. खिडकीला चादर लावली. टाकीवरचा दिवा तेवढा ठेवला. टाकीच्या काचेवर मोजपट्टी चिकटवली आणि तिच्या शेजारी, कामावरून उसनं आणलेलं, शिशाचं 'एल' अक्षर. एक्स-रेत डावी बाजू कोणती हे त्या अक्षरावरून कळतं, आणि अक्षराशिवाय फोटो म्हणजे आडनावाशिवाय माणूस, असं काकांचं मत होतं.

या अवस्थेत ते डोक्यावरून डगला ओढून टाकीसमोर वाकलेले असताना विजेचं मीटर बघणारा आला. काकूंनी दार उघडलं. अंधारी खोली, हिरवट उजेड, सलाईनचा स्टँड, काळ्या डगल्यातली आकृती, आणि ती आकृती एका मगरीच्या तोंडाला सांगतेय, "घाबरायचं नाही. दुखत नाही."

"मी नंतर येतो," मीटरवाला म्हणाला. तो आलाच नाही. त्या महिन्याचं बिल अंदाजाने आलं.

पण फोटो! फोटो असा आला, की काकूंनी तो चष्मा पुसून पुन्हा पाहिला. खवला न् खवला मोजून घ्यावा. डोळ्यातलं बुबुळ, गालफडावरचे ठिपके, शेपटीची किनार. काकांनी तो पाठवला आणि हातावर हात ठेवून बसले.

"डावी बाजू उत्तम," बाईंनी कळवलं. "उजवी?"

आता उजवी. उजवीत काय आहे? मासा वळला की उजवी. काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. जावईबापूंचं तोंड खिडकीकडे होतं, शेपूट स्वयंपाकघराकडे. काका चहा प्यायले. तोंड खिडकीकडे. काका जेवले. तोंड खिडकीकडे. काकूंनी शाळेचे पेपर तपासून गठ्ठा बांधला तरी जावईबापू खिडकीबाहेर कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे तसेच.

मग काकांनी शेपटीच्या बाजूला कोळंबी टाकली. कुठलाही समंजस प्राणी अशा वेळी वळला असता. जावईबापू वळले नाहीत. अरुंद गल्लीत ट्रक मागे घ्यावा तसे ते परांना थोडं थोडं हलवत उलटे सरकले, कोळंबी जबड्याच्या शेजारी आल्यावर मान झटकून तिचा घास घेतला आणि पुन्हा पुढे, मूळ जागी.

"काय हा माज!" काका म्हणाले. "खाण्यासाठीसुद्धा पाठ फिरवणार नाही!"

"पूर्वी वळायचा," काकू पेपरांतून मान न काढता म्हणाल्या.

"पूर्वी संस्कार होते."

मग काकांचा संयम सुटला. त्यांनी शेपटीच्या बाजूने टॉर्च दाखवला. रेडिओ लावला. लेकीला फोन लावून तिचा आवाज ऐकवला. ती बिचारी "अरे सोन्या, वळ ना" असं पाचसहा वेळा म्हणाली आणि मग तिच्या खोलीतल्या मैत्रिणी हसायला लागल्यावर तिने फोन ठेवला. काकांनी आपला राखीव आवाजही वापरला, जो ते फक्त दंगेखोर रुग्णांसाठी ठेवत: "उजव्या कुशीवर व्हा!" वकील दारात उभे होते, तेच दचकून उजवीकडे वळले.

शुक्रवार उजाडला. बाईंचा निरोप आला की दुसऱ्या घराची डावी बाजू आली आहे, उजवी येतेच आहे.

"एक्स-रेसाहेब," वकील म्हणाले, "इतकं कशाला मनाला लावून घेता? ती डावी बाजू आहे ना, ती मोबाइलमध्ये उलटवा. एक बोट लावलं की डावीची उजवी. कोण बघतंय?"

काका खुर्चीतून उठले. उंची त्यांना बेताचीच होती, पण त्या क्षणी ती कोणाच्या लक्षात आली नसती.

"वकीलसाहेब, तुमचा डावा गुडघा दुखतो. बरोबर?"

"बरोबर."

"मी तुमचा एक्स-रे असाच उलटवून पाठवला, आणि डॉक्टरांनी तुमचा चांगला चाललेला उजवा गुडघा उघडला, तर चालेल?"

वकिलांनी नकळत दोन्ही गुडघे हातांनी झाकले.

"माझ्या हातून," काका म्हणाले, "डाव्याचं उजवं झालेलं नाही. होणार नाही. मासा गेला तरी बेहत्तर."

मासा गेला तरी, असं म्हटल्यावर मात्र त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही. काकूंनी पाहिलं.

उपाय काकांना कामावर सुचला. एक आजोबा आले होते, त्यांना कूस बदलता येत नव्हती. अशा वेळी माणसाला हलवायचं नसतं. यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूला न्यायचं. काका थबकले. मासा वळत नाही ना? मग आपणच दुसऱ्या बाजूला जायचं. दुसऱ्या बाजूला भिंत होती, पण भिंत आणि टाकीत वीतभर फट होती. फटीत काका मावत नव्हते. आरसा मावत होता.

आरसा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दिला. दुकानातला जुना लांबट आरसा तो बदलणारच होता, पण दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचा धीर होईना, म्हणून तो आरशासकट आला. दोघांनी मिळून टाकीच्या मागच्या काचेवरचं निळ्या समुद्राचं चित्र सोलून काढलं. मग आरसा फटीत सरकवला. न्हाव्याने सवयीने विचारलं, "मागून ठीक दिसतंय?"

ठीक? जावईबापूंच्या पलीकडे, जणू दुसऱ्या टाकीत, आणखी एक जावईबापू होते, आणि त्यांची पलीकडची बाजू इकडे होती. नितळ, पूर्ण, तोंडापासून शेपटीपर्यंत. काकांनी डगला डोक्यावर ओढला. "श्वास रोखा." न्हावी, वकील आणि काकू, तिघांनी रोखला. बटण. "सोडा."

सगळे मोबाइलवर वाकले.

"अहो, पण ही पण डावीच दिसतेय," वकील म्हणाले.

"डावी कशी? मागची आहे. मागची म्हणजे उजवी."

"तोंड कुठेय? खिडकीकडे. पहिल्या फोटोत कुठे होतं? खिडकीकडे. दोन्ही शेजारी ठेवा. बाई म्हणतील, एकच बाजू दोनदा पाठवलीत."

काकूंनी चष्मा वर केला. "बरोबर आहे त्यांचं. आरशात उजव्याचं डावं होतं. बाजू उजवीच आहे, पण चित्र डावीचं आहे."

"मग आता?" काकांचा आवाज खोल गेला.

"आता ते खरं करायचं," काकू शांतपणे म्हणाल्या, "तर उलटवावं लागेल."

वकिलांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की तो आवरायला त्यांना खिडकीकडे तोंड करावं लागलं. "एकच बोट, एक्स-रेसाहेब," ते खिडकीला म्हणाले.

काका मोबाइल हातात घेऊन उभे राहिले. खोटं बोलायचं नाही म्हणून उलटवायचं नाही, असं ठरवलेलं. आणि आता न उलटवलं तर खोटं होणार होतं. अंगठा काचेवर जाई आणि परत येई. इस्पितळात असा प्रसंग आला असता तर त्यांनी विभाग बंद करून रजा टाकली असती. "मुळात आरसा आणायचा सल्ला कोणाचा?" असं त्यांनी विचारलं, मग तो आपलाच होता हे आठवलं, आणि ते आणखी चिडले. वकील म्हणाले, कायद्याच्या दृष्टीने उलट्याचं उलट म्हणजे सुलट. न्हावी म्हणाला, काही म्हणा, पण आरसा चांगला आहे.

या सगळ्या वादात जावईबापूंकडे कोणाचं लक्ष नव्हतं. जावईबापूंचं मात्र आरशाकडे गेलं होतं.

आपल्या टाकीत, आपल्या खिडकीशेजारी, आपल्याच तोंडाचा दुसरा कोणीतरी येऊन बसलाय, हे त्यांना सावकाश उमगलं. त्यांनी त्याच्याकडे मान फिरवली. त्यानेही फिरवली. एवढा उद्धटपणा त्यांना कोणी दाखवला नसावा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच जावईबापू वळले.

आणि अर्ध्यावर अडकले.

जबडा मागच्या काचेला टेकला, शेपूट पुढच्या काचेला, आणि मधलं ताठ अंग धनुष्यासारखं वाकून तिथेच राहिलं. पुढे होईना, मागे होईना. मग शेपटीचा एक तडाखा बसला. झाकण उडालं, दिवा लटकला, बादलीभर पाणी वकिलांच्या अंगावर, उरलेलं गालिच्यावर. न्हावी "आरसा! आरसा!" करत धावला, ओल्या फरशीवर घसरला आणि आरशाला कवटाळून खाली बसला. काकूंनी दिव्याची पिन खेचून काढली. काकांनी काय केलं? काकांना घाबरल्यावर एकच गोष्ट येत असे. त्यांनी बटण दाबलं.

आरसा निघाल्यावर समोरचा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला. जावईबापूंनी अंग सैल सोडलं आणि सरकत सरकत, खवले काचेला घासत, ते पुन्हा मूळ जागी आले. तोंड खिडकीकडे. शेपूट स्वयंपाकघराकडे. जबड्याच्या टोकाला थोडं खरचटलं होतं.

गालिच्यातून पाणी दाराकडे निघालं होतं.

"हट्टी नव्हता हो तो," काकू म्हणाल्या.

काका टाकीजवळ गेले. हाताची वीत करून त्यांनी समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर पाहिलं. मग माशाची लांबी पाहिली. मोजपट्टी तिथेच काचेला चिकटलेली होती, आठवडाभर त्यांच्या नाकासमोर. त्यांनी तिच्यावर माशाची लांबी मोजली होती, बाईंना कळवली होती. टाकीची रुंदी मोजायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं.

"मी त्याला म्हणत होतो, उजव्या कुशीवर व्हा," काका म्हणाले.

वकिलांनी ओला सदरा पिळायचं थांबवलं. "आम्हीपण त्याला हट्टीच समजलो की," ते बऱ्याच हळू आवाजात म्हणाले.

काकांनी बाईंना फोन लावला. त्यांनी ठरवलं होतं की नियमाप्रमाणे सगळं सांगायचं, आरशाचंसुद्धा. पण पलीकडून "बोला" असं ऐकल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बाई, उजवी बाजू नाही मिळणार. त्याला वळताच येत नाही." मग त्यांनी तो शेवटचा फोटो पाठवला. फोटो अत्यंत वाईट होता. पाणी उडालेलं, दिवा तिरपा, वकिलांचा कान, न्हाव्याचा पाय. आणि या सगळ्याच्या मध्ये दोन काचांत पाचरीसारखा अडकलेला, हललेला, धुरकट मासा. काकांच्या हयातीतला पहिला हललेला फोटो.

बाईंनी फोटो उघडून पाहिला.

"याच्याइतका स्पष्ट फोटो मला आजवर कोणी पाठवला नाही," बाई म्हणाल्या. "उजवी बाजू आमची आम्ही बघून घेऊ. सकाळी गाडी पाठवते. आज त्याला खायला देऊ नका."

"आणि ते दुसरं घर?"

"त्यांचा मासा उजवीकडे वळतो. म्हणजे त्यांना अजून वेळ आहे."

सकाळी मत्स्यालयाची माणसं ओल्या ताडपत्रीचं स्ट्रेचर घेऊन आली. स्ट्रेचर म्हटल्यावर काकांनी कोणाला विचारलं नाही. डोक्याची बाजू त्यांनीच धरली. वळणावर "पायाकडून आधी वर, पायाकडून!" असं ते ओरडले, आणि पाय म्हणजे काय हे माणसांना कळलंसुद्धा. जिन्यात प्रत्येक दार किलकिलं होतं. वकील पुढे चालत रस्ता मोकळा करत होते, कोरड्या डगल्यात.

मत्स्यालयाचा तलाव काकांना वाटला होता त्याहून खूप मोठा होता. खालच्या मजल्यावर त्याची एक काचेची भिंत होती. तिच्यासमोर काका सलाईनचा स्टँड घेऊन उभे राहिले. बाई निघाल्या जेमतेम लेकीच्या वयाच्या, गमबूट घातलेल्या. वरून स्ट्रेचर पाण्यात उतरलं, ताडपत्री बाजूला झाली.

जावईबापू जागच्या जागी राहिले. तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे, टाकीत राहत तसेच, न दिसणाऱ्या काचांच्या मध्ये. काकांनी श्वास रोखला. काकूंनी त्यांच्या बाहीला धरलं होतं.

मग जबडा थोडा डावीकडे झाला. काहीच आडवं आलं नाही. आणखी थोडा. मग ते लांब, ताठ अंग एका मोठ्या गोलात सावकाश फिरलं, आणि काकांनी उजवी बाजू पाहिली. तिच्यावर कल्ल्याच्या मागे चार ठिपके होते. डावीवर ते नव्हते, आणि आरशाच्या वादात ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. इतके दिवस ते भिंतीकडे तोंड करून होते. गोल पुरा झाला तसा माशाने दुसरा घेतला, मग तिसरा. तो थांबेचना.

"अहो, सोडा आता श्वास," काकू म्हणाल्या.

काकांनी सोडला, आणि त्याबरोबर बोट बटणावर गेलं. बाईंनी पुढे होऊन मोबाइलमध्ये पाहिलं. पाण्यात एक करडी रेघ होती, आणि काचेत डोळे पुसणारे एक गृहस्थ.

"हललाय," बाई म्हणाल्या. "पुन्हा काढा हवं तर. मी दिवे बदलून देते, तो शांत होईपर्यंत थांबा."

काकांनी स्टँडवरचं बँडेज सोडायला घेतलं.

"नको," ते म्हणाले. "हलू दे त्याला."